तीनशे मीटर

बजरंगच्या मक्यात चार पावलं आत शिरलं की रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येईनाशा व्हायच्या आणि वाळलेल्या पानांची सळसळ तेवढी उरायची. कार्तिक निम्मा सरला होता. नदीवरून चढलेलं धुकं अजून रानात रेंगाळत होतं, आणि पलीकडच्या आयटी पार्कच्या इमारती पाण्यात उभ्या असल्यासारख्या कमरेपासून वरच दिसत होत्या. तनुजा सरीत थांबली. आपण इथे कशासाठी आलो हे तिला क्षणभर आठवेना, आणि ते न आठवणं तिला फार बरं वाटलं.

"एकट्याच आलात, ताई?"

कणसांची पाटी डोक्यावर घेऊन बजरंग धुक्यातून पुढे आला. तनुजाच्या चुलत्यांच्या, जांभळ्यांच्या रानाजवळ त्याचं दीड एकर होतं. आजूबाजूच्या सगळ्यांनी जमिनी विकल्या, याने विकली नव्हती. त्याने पाटी खाली ठेवली, एक कणीस सोलून तिच्या हातात दिलं. दाणे दुधासारखे पांढरे.

"आईनं माहेरनं आणलेलं बी हाय हे. दर साली ह्यातलंच ठेवायचं. मधल्या दाण्याचं घ्यायचं, टोकाचं न्हाई. आज काढतोय बियाचं."

तनुजाने कणीस उलटंपालटं करून पाहिलं. त्यात काहीच वेगळं दिसत नव्हतं. दिसणारही नव्हतं.

"बजरंगभाऊ, बी मंगळवारपर्यंत काढू नका."

"का वो?"

"तेवढं ऐका माझं. बुधवारी सकाळी मी स्वतः येऊन सांगते."

बजरंगने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. तिकडे तारेच्या जाळीआड जांभळ्यांचं उरलेलं चार एकर रान मोकळं पडलं होतं. "तिकडचं काय हाय का?" त्याने विचारलं. तिने हातातलं कणीस पाटीत ठेवलं, तसा त्याने प्रश्न पुन्हा विचारला नाही. पाटी मात्र उचलली नाही.

त्याच्या शेवटच्या सरीपासून ती जाळीपर्यंत चालत गेली. फोनवर अंतर उमटलं : एकशे नव्वद मीटर. हवं होतं तीनशे.

त्या जाळीआड यंदा तिच्या चुलतभावाच्या, इंद्रजीतच्या कंपनीने नव्या मक्याची चाचणी घेतली होती. प्रयोगशाळेत जनुक बदललेला, तणनाशक सोसणारा मका. त्याचा पराग वाऱ्याबरोबर दुसऱ्याच्या पिकात जाऊ नये म्हणून तीनशे मीटरच्या आत दुसरा मका नको, आणि असलाच तर चाचणीतल्या मक्याचे तुरे उमलायच्या आधी खुडायचे, असा नियम. सरकारची परवानगी मिळाली म्हणजे काम संपत नाही. त्यानंतर माणसं खरंच तशी वागतात का, हे कोणीतरी बघावं लागतं. ते बघण्यासाठी तिच्या चुलत्यांनी, रावसाहेब जांभळ्यांनी, अठ्ठावीस वर्षांपूर्वी बीजनिगा परिषद काढली. बियाणं बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून स्वतःवरच बसवलेली राखण. रावसाहेब तिचे अध्यक्ष, आणि गेली नऊ वर्षं तनुजा संचालक.

आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी तिच्या हातात प्रयोगशाळेचा अहवाल पडला होता. बजरंगच्या चाळीस कणसांपैकी तीन कणसांत इंद्रजीतच्या मक्याचं जनुक सापडलं होतं.

*

रावसाहेब, म्हणजे घरातले अप्पा, आता हडपसरच्या एका टॉवरच्या अकराव्या मजल्यावर राहत. ज्या मातीत त्यांनी कांदा लावला तिच्यावरच तो टॉवर उभा होता, त्यामुळे ते स्वतःच्याच शेतावर हवेत तरंगत असल्यासारखे राहत, आणि अलीकडे त्यांचं मनही तसंच तरंगू लागलं होतं. कधी लख्ख असत. कधी खिडकीतून वाकून विचारत, "पाणी सोडलं का रे खाली?"

रविवारी सगळे जेवायला जमले होते. अप्पांची धाकटी बहीण मुक्ताबाई भाकऱ्या थापत होती. शहात्तराव्या वर्षीही ती दुसऱ्या कोणाला तव्याजवळ येऊ देत नसे. ताटात मटणाचा रस्सा, कांदा, लिंबू. इंद्रजीतने पहिला घास घेण्याआधीच सांगून टाकलं.

"मंगळवारी अप्पा पद सोडणार. माझं नाव ते स्वतः सुचवणार आहेत. हो ना, अप्पा?"

अप्पांनी मान हलवली. ती मान रश्शासाठीही हलली असेल.

"मला येक सांग," मुक्ताबाई म्हणाली, "तुझी कंपनी बी करती. आनि तुमची ती परिषद बी नीट केलं का ते बघती. मग तू अध्यक्ष झाल्यावर तुझं कोन बघनार?"

"आत्या, आजवर अप्पाच होते ना? तेव्हाही कंपनी आपलीच होती."

"म्हनून तर इचारती."

तनुजाने ठरवलं होतं की जेवणं होऊ द्यायची. पण पिशवीतला अहवाल तिला जेवू देईना. तिने तो काढला आणि इंद्रजीतच्या ताटाशेजारी ठेवला. दोन ओळींत सांगितलं. भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

इंद्रजीतने कागद उचलला नाही. "बजरंगच्या शेतातून कणसं कोणी नेली?"

"ते महत्त्वाचं नाही, दादा."

"मला आहे. तुझी तपासणी पुढच्या महिन्यात होती. त्याआधी तुला सांगितलं कोणी?"

"मी," वैष्णवी म्हणाली.

इंद्रजीतची मुलगी, चोवीस वर्षांची. कृषी महाविद्यालयातून बाहेर पडून वडिलांच्याच कंपनीत चाचण्यांचं काम बघत होती. तिचा हात ताटात तसाच होता. "पप्पा, मीच नेली कणसं. बजरंगकाकांना विचारून. सर्व्हेच्या नावाखाली. तुरे खुडणारा क्रू दोन दिवस आलाच नव्हता, आणि तुम्ही मला लॉगमध्ये 'पूर्ण' लिहायला लावलंत. मी लिहिलं. त्यानंतर मला झोप नाही लागली नीट. आय मीन, रोज डोळे मिटले की मला तो पराग दिसायचा."

"वीस बायका गौरींच्या सणाला गावी गेल्या! मी काय दारात जाऊन ओढून आणायच्या होत्या?" इंद्रजीतचा आवाज चढला, आणि मग मुलीकडे बघून आपोआप उतरला. "दोन दिवस, वैशू. दोन सकाळी. त्या दिवसांत वारा कुठून होता तेसुद्धा बघितलं होतं मी."

इंद्रजीतने हात धुतले, परत येऊन बसला, आणि आता तो धंद्यातला माणूस होता.

"तनू, आठ दिवस थांब. मंगळवारी निवड होऊ दे. मी अध्यक्ष झालो की पहिल्याच बैठकीत मी स्वतः हे जाहीर करतो. स्वतःच्या कंपनीवर स्वतः कारवाई. विचार कर, परिषदेचं नाव कुठे जाईल! आज तू आणलंस तर काय होईल? अप्पांच्या शेवटच्या बैठकीत अप्पांचा मुलगा चोर. सहा कंपन्या बाहेर पडायला टपल्यात. परिषदच मोडेल."

त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. तनुजाला त्या बोलण्याची ओढ लागली. थंडीत दुलई ओढून घ्यावी तसं ते ओढून घ्यावंसं वाटलं. आठ दिवस. सगळ्यांचीच अब्रू राहील.

"आणि बजरंग? तो बी निवडतोय आत्ता. चार बहिणींना वाटतो."

"त्याला मी देतो बी. हवं तेवढं. उत्तमातलं उत्तम."

"त्येच्या आईचं बी तू कुठनं देशील?" मुक्ताबाईने विचारलं आणि तवा उतरवला.

इंद्रजीत तनुजाकडे वळला. "बरं. आण तू विषय. पण सातवा नियम आठवतोय ना? ज्याचा विषय, त्याच्या नात्यातल्या माणसाने खोलीत थांबायचं नाही. मी बाहेर जाईन. मग तूही जाशील. अप्पाही जातील. आत खुर्चीत कोण बसेल? भीमराव. उपाध्यक्ष, अकोल्याहून आलेला, विश्रांतवाडीत भाड्याने राहणारा निवृत्त मास्तर. अप्पांनी परिषदेत सगळा जन्म घातला, आणि तू ती त्या माणसाच्या हातात देऊन जिन्यात उभी राहणार."

कालपासून तनुजा अहवालाचाच विचार करत होती. आपणही नात्यातल्या आहोत, हे तिच्या मनात आलंच नव्हतं. किंवा आलं होतं आणि तिने दार लावून घेतलं होतं.

*

दुपारी घर पेंगुळलं. मुक्ताबाई आतल्या खोलीत आडवी झाली. इंद्रजीत फोनवर बोलत खाली निघून गेला. वैष्णवी स्वयंपाकघरात एकटीच भांडी घासत बसली, जरी बाई संध्याकाळी येणार होती. तनुजा गॅलरीत अप्पांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. ऊन पातळ होतं. खालचे रस्ते, बस, रिक्षा, सगळं इतक्या वरून बेआवाज सरकत होतं, आणि अप्पांचे डोळे मिटलेले होते.

"तुझ्या बापासारखी बसतेस तू," ते डोळे न उघडता म्हणाले. "गुडघे पोटाशी घेऊन."

तनुजाचे वडील सुदर्शन, अप्पांचे धाकटे भाऊ, जाऊन सोळा वर्षं झाली होती.

"अप्पा, सातवा नियम तुम्ही का घातलात?"

ते झोपले असं वाटून ती उठणार, तेवढ्यात बोलू लागले. आवाज आजचा नव्हता. सलग, ठाम, बैठकीतला होता.

"सुदर्शनच्या गोदामातून न तपासलेलं बी बाहेर गेलं, अशी तक्रार आली होती. परिषद तेव्हा दोन वर्षांची. मी अध्यक्षाच्या खुर्चीत बसून राहिलो. म्हटलं, मी न्यायानंच वागेन, उठायचं कशाला? सगळ्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात वर केले. निर्दोष. मला वाटलं, सुदर्शन घरी येऊन गळ्यात पडेल. तो महिनाभर बोलला नाही. मग एकदा विहिरीवर म्हणाला, रावदादा, मी खरंच ते केलं नव्हतं. पण आता ते कोणाला पटणार? तू खोलीत होतास."

खालून एक विमान गेल्यासारखं वाटलं; ते वरूनच गेलं होतं. तनुजाने त्यांच्या हातावर हात ठेवला. लहानपणी काही लोक वडिलांशी बोलताना नजर किंचित बाजूला का ठेवत, ते तिला आत्ता कळलं. तो सगळा काळ तिच्या डोळ्यांपुढून मक्याच्या पानांसारखा सळसळत गेला : लग्नातली रिकामी खुर्ची, दारातून परतलेला व्यापारी, अंगणात एकटेच बी निवडणारे बाबा.

"मग पुढच्याच बैठकीत नियम घातला," अप्पा म्हणाले. "पण त्याला काय उपयोग झाला? त्याचं गेलं ते गेलं."

"अप्पा, मंगळवारी इंद्रजीतदादाचा विषय येणार आहे."

"कोणाचा?"

"दादाचा. तुमच्या इंद्रजीतचा."

"त्याचे पेपर झाले का?" त्यांनी विचारलं आणि डोळे उघडून खाली बघितलं. "धुकं फार धरलंय. कांदा सडेल."

खाली लख्ख ऊन होतं.

*

परिषदेचं कार्यालय नारायण पेठेत, एका पुस्तकबांधणीच्या दुकानावर होतं. जिन्यात कायम खळीचा वास. मंगळवारी अकरा वाजता नऊ सभासद टेबलाभोवती बसले. टोकाला अप्पा, पांढऱ्या सदऱ्यावर कोट, दाढी गुळगुळीत; मुक्ताबाईने सकाळी स्वतः तयार करून पाठवलं होतं. त्यांच्या उजव्या हाताला उपाध्यक्ष भीमराव, वही उघडून.

विषयपत्रिकेत पहिला विषय अध्यक्षांची निवड होता. इंद्रजीतने घसा साफ केला.

"त्याआधी एक तातडीचा विषय आहे," तनुजा म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कोणाचा तरी, लांबून आल्यासारखा वाटला. तिने अहवाल वाचला. एकशे नव्वद मीटर, दोन दिवस, तीन कणसं. नोंदवहीत 'पूर्ण' लिहिलं गेल्याचंही वाचलं, आणि ते लिहिणाऱ्या मुलीने स्वतः कळवल्याचंही. मग कागद भीमरावांकडे सरकवला. "इंद्रजीत जांभळे माझे चुलतभाऊ आहेत. सातव्या नियमाप्रमाणे मी हे नातं जाहीर करते आणि बाहेर जाते. या प्रकरणाचा कागद इथून पुढे माझ्याकडे येऊ नये."

"मॅडम, तुम्ही गेल्यावर आम्हाला यातलं समजावणार कोण?" एकाने विचारलं.

"प्रयोगशाळेचा माणूस खाली बसलाय. त्याला बोलवा."

ती उठली. इंद्रजीत उठला नाही. तो टेबलाकडे बघत होता. अप्पा खिडकीबाहेर बघत होते, कुठल्यातरी फार लांबच्या गोष्टीकडे.

बाहेरच्या बाकावर ती बसली. खालच्या दुकानात कोणीतरी कागदांचा गठ्ठा एका लयीत ठोकत होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या दाराच्या या बाजूला बसून आत काय चाललंय हे तिला माहीत नव्हतं, आणि तिला भीती वाटत होती, आणि त्या ठोक्यांनी डोळे जड होत होते. दार उघडलं तेव्हा तिला वाटलं आपण स्वप्नातच आहोत.

अप्पा बाहेर आले. एकटे, भिंतीला हात लावत. तिच्या शेजारी बसले, कोटाची टोकं गुडघ्यावर नीट ठेवली.

"अप्पा, तुम्ही का उठलात?"

"तू उठलीस म्हणून," ते म्हणाले. "पानं वाढली का?"

तिला वाटलं होतं, ते नियमासाठी उठले. रविवारची ती दुपार त्यांना आठवली असेल. आता तेही नाही.

मागोमाग भीमराव आले, वही छातीशी धरून. त्यांनी अप्पांकडे बघितलं, मग हलक्या आवाजात तनुजाला विचारलं, "मॅडम, मी काय लिहू जी? अध्यक्षांनी नातं जाहीर केलं आणि ते स्वतःहून बाहेर गेले, असं लिहू? लिहिलं तर सगळं नियमात बसते. आतले सारे तसंच म्हणून राहिले."

सोपं होतं. कोणाचं काही बिघडत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाच्या नावावर एक चांगली ओळ लागली असती. पण तिने एका चोवीस वर्षांच्या मुलीला ताटावर बसून खरं बोलताना दोनच दिवसांपूर्वी पाहिलं होतं.

"मला माहीत नाही ते का उठले," ती म्हणाली. "आणि मी सांगणंही बरोबर नाही. त्यांनाच विचारा."

भीमराव अप्पांपुढे वाकले. विद्यार्थ्याशी बोलावं तसं, एकेक शब्द सोडवून त्यांनी विचारलं, "रावसाहेब, आत इंद्रजीत जांभळ्यांच्या कंपनीचा विषय आहे. तुमचं त्यांच्याशी काही नातं आहे का?"

अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. खालची ठोकठोक थांबली होती. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सरळ झाल्या.

"लिहा," ते म्हणाले. "मुलगा माझा आहे."

मग आणखी थोड्या वेळाने, "त्यानं केलं असेल तर केलं म्हणा. नसेल केलं तर नाही म्हणा. पण लोकांना पटेल असं म्हणा."

भीमरावांनी बाकाच्या कडेवर वही टेकवून शब्दशः लिहिलं आणि आत गेले. दार उघडंच राहिलं होतं. आतून त्यांचा वाचण्याचा आवाज आला. वाचून झालं, आणि एक खुर्ची मागे सरकली. इंद्रजीत बाहेर आला. बाकावर दोघांना पुरेल एवढीच जागा होती. तो अप्पांच्या पायाशी पायरीवर बसला. अप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच विसरला.

निकालाला दोन तास लागले. कंपनीच्या चाचण्या दोन वर्षं बंद. नोंदवह्या बाहेरच्या माणसाकडून तपासायच्या. बजरंगला आजच्या आज सांगायचं. अध्यक्ष भीमराव. कोणतीही कंपनी बाहेर पडली नाही. एकाने तर पुढच्या बैठकीआधी आपल्याच शेताचं अंतर मोजायला माणूस मागितला. तनुजाचं पद राहिलं, पण त्या टेबलाशी जांभळ्यांचं असं काही आता उरलं नव्हतं, आणि जिना उतरताना तिला हात मोकळे वाटले, सवय नसल्यासारखे.

"बजरंगला मी सांगतो," इंद्रजीत खाली आल्यावर म्हणाला. "तू अप्पांना घरी सोड."

"अप्पांनाही घेऊन जाऊ."

तिघं रानात पोचली तेव्हा उन्हं कलली होती. गाडीचं दार उघडून अप्पा आतच बसले, वाऱ्याकडे तोंड करून. इंद्रजीत बांध ओलांडून गेला. तो काय बोलला ते तनुजाला अर्धंच ऐकू आलं, पण त्याने काही गाळलं नाही. दोन दिवसही सांगितले आणि नोंदवहीही. बजरंग ऐकत राहिला. मग वाकून त्याने पाटीतली, बियासाठी काढलेली कणसं एकेक करून खाली, जमिनीवर ठेवायला सुरुवात केली.

"गेल्या सालचं बी थोरल्या बहिणीकडं असंल," तो शेवटी म्हणाला. "मूठभर. त्यावरनं पुन्हा उठवीन. दोन सालं जातील."

"तेवढी दोन वर्षं आम्ही इथे काहीच पेरणार नाही," इंद्रजीत म्हणाला.

"ते झालं तुमचं. माझं ऐका." बजरंग उभा राहिला. तो इंद्रजीतपेक्षा टीचभर बुटका होता, पण बांधावर उभा असल्याने दोघांची नजर एका रेषेत आली. "त्याच्या म्होरं ह्या रानात काय बी पेरायचं असंल, तर आदी माझ्याकडं यायचं. कागद घेऊन न्हाई. तोंडानं इचारायचं. मी न्हाई म्हनलो तर न्हाई."

इंद्रजीतने मागे वळून तनुजाकडे पाहिलं, सवयीने. हे तिने ठरवायचं नव्हतं.

"विचारीन," तो म्हणाला, आणि वाकून पाटीच्या दुसऱ्या बाजूची कणसं काढू लागला.